बोकडाचा शाप आणि काकूंची शुगर

पंतचे फोन गुढीपाडव्याच्या सुमाराला सुरू होतात आणि दिवाळीचा चिवडा मऊ पडायला लागला की बंद होतात. मधले चार-पाच महिने तो हयात आहे की नाही, हे त्याच्या बायकोनं टाकलेल्या बर्फाच्या फोटोंवरून ओळखायचं. बर्फ उपसणारी पाठ पंतचीच असते.

यात पंचांगाचा काही संबंध नाही. अमेरिकेतला बेसबॉलचा मोसम मार्चअखेरीला उघडतो आणि ऑक्टोबर संपताना, कधीकधी नोव्हेंबरात एखादं पाऊल टाकून, मिटतो. तेवढ्या काळात एकेक संघ 162 सामने खेळतो. एकशे बासष्ट! यातले 81 घरच्या मैदानावर. म्हणजे जवळजवळ रोज मॅच. ज्याला रोज बोलायला विषय मिळतो तो माणूस फोन करणारच. आणि ज्याच्याकडे नोव्हेंबर ते मार्च 'काय रे, बरा आहेस ना' याखेरीज विषयच नसतो, तो लाजून गप्प बसणार. पुरुषमाणसांनी एकमेकांना उगाच फोन करायचा नसतो, हा आमच्या पिढीचा अलिखित नियम आहे. काहीतरी काम लागतं. पंतनं शिकागो कब्ज या संघाचं हरणं हे काम म्हणून पकडलं आणि ते वर्षानुवर्षं पुरलं.

आम्ही तिघं डोंबिवली पूर्वेच्या एकाच इमारतीतले. पंत हे नाव त्याला बॉलच्या वर्गणीचा हिशेब ठेवण्यावरून पडलं. चार आणे कुणाकडून यायचे राहिलेत हे तो बॅटिंग करतानाही सांगायचा. दुसरा मामा. त्याचा चेहरा पाचवीपासूनच कुणाच्या तरी मामासारखा होता. पुढं मामा बँकेत चिकटला, बदल्या होत होत नाशिकला स्थिरावला आणि निवृत्त झाल्यापासून सहलींना जातो. मी डोंबिवलीतच राहिलो आणि आठच्या आसपासच्या फास्ट लोकलला लोंबकळत राहिलो. तिघांत न हललेला मी एकटाच, त्यामुळे पंतच्या आईकडे, म्हणजे काकूंकडे, बघायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. काकूंना शिकागो मानवलं नाही. 'तिकडे दाराशी कुणी येतच नाही रे, भांडणार कुणाशी?' हे त्यांचं कारण.

पंत 1998 साली अमेरिकेला गेला. सन 2000 उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार अशी हवा होती आणि ते वेड उतरवायला आपल्याकडची मुलं विमानं भरभरून चालली होती. एप्रिलमध्ये आम्ही एकत्र बसून शारजातला सचिन बघितला होता. जूनमध्ये पंत शिकागोत पोचला, तर तिथे सॅमी सोसा नावाच्या कब्जच्या खेळाडूनं एका महिन्यात 20 होमरन ठोकलेले. तो विक्रमच होता. त्या मोसमात सोसानं एकूण 66 मारले, सेंट लुईसच्या मार्क मॅग्वायरनं 70, आणि अख्खी अमेरिका रोज सकाळी उठून या दोघांचा आकडा विचारत होती. सचिन मागे ठेवून आलेल्या पोराला आणखी काय हवं होतं? त्यानं पाठवलेल्या पहिल्या ईमेलमध्ये नोकरीबद्दल एक ओळ, थंडीबद्दल अर्धी आणि सोसाबद्दल पानभर मजकूर होता. तो मी सायबर कॅफेत प्रिंट काढून काकूंना वाचून दाखवला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, 'हा सोसा त्याचा साहेब का?'

फोन तेव्हा कॉलिंग कार्डावरून यायचे. लांबलचक नंबर फिरवायचा, मग एक बाई किती मिनिटं उरलीत ते सांगणार. त्यातली निम्मी 'ऐकू येतंय का?' आणि 'तू आधी बोल' यात जायची. उरलेल्या निम्म्यात पंत मला बेसबॉलचे नियम शिकवायचा. त्याच्या आईनं रिसीव्हरच्या बाजूला उभं राहून 'जेवणाचं विचार, जेवणाचं' असं खुणावत राहावं आणि यानं तिकडून स्ट्राइक आणि बॉलमधला फरक सांगत राहावं, असं बरेच महिने चाललं. क्रिकेटवाल्याला बेसबॉल समजायला वेळ लागतो तो एका कारणानं. या खेळात नापास होण्याची भयंकर सवलत आहे. दहा वेळा बॅटिंगला येऊन जो तीनदा नीट फटका मारतो तो तिथे मोठा खेळाडू. टेड विल्यम्सनं 1941 साली दहातल्या चारांच्या किंचित वर मजल मारली, .406, आणि त्यानंतर मोसमभरात चारचा आकडा अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कुणाला गाठता आलेला नाही. मामानं हे ऐकून उसासा टाकला. 'मला दहावीला पस्तीस टक्के होते. तिकडे असतो तर पुतळा उभारला असता.'

पंतचे आईवडील एकदा सहा महिने राहायला गेले होते. अण्णा शिस्तीचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना पंतनं टीव्हीसमोर बसवून कब्ज दाखवले. अण्णा जितके दिवस बघत होते तितके दिवस कब्ज हरत होते. शेवटी त्यांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, 'ही हरणारी माणसं आहेत. यांच्यात फार मिसळू नकोस.' काकूंची हरकत अधिक मूलगामी होती. बॅट्समन फटका मारून धावत सुटतो, पहिला बेस, दुसरा, तिसरा, धापा टाकत पुन्हा निघालेल्या जागी येतो आणि त्या जागेला होम म्हणतात. सगळा खटाटोप तिथे परत येण्याचा. काकूंनी हे दोन-तीन दिवस नीट पाहून घेतलं आणि मुलाकडे बघून विचारलं, 'शेवटी घरीच यायचं, तर जातात कशाला एवढे?'

पंतनं चॅनल बदललं, असं त्याची बायको सांगते.

कब्ज का हरतात याचं उत्तर अमेरिकेसारख्या विज्ञाननिष्ठ देशात कुणी खेळाच्या भाषेत देत नसे. त्यांना बोकडाचा शाप होता. 1945 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेत, विल्यम सायानिस नावाचा गुत्तेवाला आपला पाळीव बोकड घेऊन सामना बघायला आला. बोकडाचं रीतसर तिकीट काढलं होतं म्हणे. पण वास येतो म्हणून त्याला बाहेर काढलं, आणि मालकानं तळतळाट दिला. कब्ज त्याआधी 1908 साली जिंकले होते ते शेवटचेच, म्हणजे बोकड यायच्या आधीही सदतीस वर्षं ते हरतच होते. पण शाप म्हटल्यावर अशी बारीक चौकशी कुणी करत नाही. पुढं शापनिवारणाचे सगळे उपाय झाले. बोकड सन्मानानं मैदानात आणून झाले. 2008 साली एका धर्मगुरूकडून खेळाडूंच्या बसायच्या जागेवर पवित्र जल शिंपडून घेतलं, आणि कब्ज त्या फेरीत लागोपाठ तीन सामने हरून घरी गेले. 2003 मध्ये तर वर्ल्ड सिरीजच्या दारात उभे असताना एका प्रेक्षकाचा हात नको त्या वेळी चेंडूला लागला, कॅच हुकला आणि सगळं कोसळलं. तो चेंडू एका हॉटेलवाल्यानं लाख डॉलरच्या वर मोजून विकत घेतला आणि पुढच्या फेब्रुवारीत लोक जमवून स्फोटानं उडवून दिला. मी ही हकीकत काकूंना सांगितली. त्या डाळ निवडत होत्या. 'त्र्यंबकेश्वराला नारायण नागबळी केला असता तर एवढा खर्च नसता आला,' त्या म्हणाल्या. 'मामाला विचार, त्याच्या ओळखीचे गुरुजी आहेत.'

मामा जपानच्या सहलीला गेला तेव्हा शापांच्या या शाखेत नवीन भर पडली. एरवी मामाचे प्रवासवर्णन म्हणजे नाश्त्याचे फोटो. फुजी पर्वत एक, नाश्ते अकरा. पण ओसाकाहून त्यानं एका कालव्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'पंत, म्हातारा इथेच बुडवला का?' पंतनं त्याला आधी सांगून ठेवलं होतं. तिथला हानशिन टायगर्स हा संघ 1985 साली जिंकला. चाहते दोतोनबोरी कालव्याच्या पुलावर जमले. एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं आणि त्याच्यासारखा दिसणारा जो असेल त्यानं पाण्यात उडी मारायची, असा कार्यक्रम चालला होता. संघाचा मुख्य बॅट्समन रँडी बास हा दाढीवाला अमेरिकन. गर्दीत दाढीवाला गोरा मिळेना. मग जवळच्या केएफसीच्या दारातला कर्नल सँडर्सचा पुतळा उचलला आणि दिला कालव्यात. त्यानंतर संघ हरत राहिला. 2009 मध्ये गाळातून कर्नल वर आला, तरी जपान सिरीज पुन्हा जिंकायला 2023 उजाडलं. अडतीस वर्षं.

इकडे बोकड, तिकडे कोंबडी. बेसबॉलला शाकाहारी शाप लागत नाहीत, असं मामाचं निरीक्षण आहे.

आमचा रोजचा व्यवहार हा असा. शिकागोत संध्याकाळी सात-पाचला मॅच सुरू होते तेव्हा डोंबिवलीत पहाटेचे पाच-पस्तीस झालेले असतात. दूध तापत असतं तेव्हा पंतचा पहिला मेसेज येतो. अंघोळ होईतो तिसरी इनिंग. मी डब्यात शिरून एक हात कडीला आणि एक हात फोनला देईपर्यंत सामना रंगात आलेला असतो. एकदा पंतनं लिहिलं, 'बेसेस लोडेड, टू आऊट.' माझ्या खांद्यावरून वाचणाऱ्या गृहस्थांनी (लोकलमध्ये स्वतःचा फोन स्वतः एकट्यानं वाचायची पद्धत नाही) आस्थेनं विचारलं, 'ट्रान्सपोर्टमध्ये आहात का?' मी हो म्हटलं. तेव्हापासून ते मला भिवंडीच्या गोदामांचे भाव विचारतात.

पूर्वी निकाल कुर्ल्याला लागायचा. 2023 पासून ठाण्यातच लागतो, कारण तिथे आता घड्याळ आलं. बेस रिकामे असतील तर पिचरनं पंधरा सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे. त्याआधी तो टोपी नीट करायचा, थुंकायचा, राळेची पुडी हातात उडवायचा, क्षितिजाकडे बघायचा. तीन तासांच्या वर जाणारी मॅच या नियमानं दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आली. पंतला वाईट वाटलं. म्हणाला, 'त्या वेळातच तर मी तुम्हाला मेसेज लिहायचो.'

त्या मेसेजांत काय असतं हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. काकूंना मी तपासणीला नेलं होतं त्या सकाळची गोष्ट. उपाशीपोटीची शुगर 162 आली. मी आकडा टाकला. तिकडून उत्तर, 'म्हणजे आख्खा मोसम.' मामा म्हणाला, 'जेवणानंतरची किती?' मी म्हटलं, '240.' पंत, 'एक्स्ट्रा इनिंग्ज.' आणि मग बऱ्याच वेळानं, सातव्या इनिंगमध्ये कब्जनं दोन धावा दिल्यानंतर, 'डॉक्टर काय म्हणाले ते मला एकट्याला सांग. गोळी बदलली का? ती सांगत नाही.' मी सांगितलं. गोड बंद, चालणं सुरू, गोळी वाढवली. त्यावर त्यानं लिहिलं, 'थर्ड बेसवाल्याला काढा आता.' गोळीबद्दलचं वाक्य खरं की हे, असा संशय नको. दोन्ही आपापल्या जागी खरी होती.

मी एकदाच शिकागोला गेलो, भाचीच्या लग्नाला. लग्न शनिवारी होतं. शुक्रवारी दुपारी पंत मला रिग्ली फील्डवर घेऊन गेला. हे मैदान 1914 सालचं. रेड लाइनच्या अ‍ॅडिसन स्टेशनवर उतरलो की समोरच. 1988 च्या ऑगस्टपर्यंत इथे दिवेच नव्हते, सगळ्या मॅचेस उन्हात. फळ्याच्या वरच्या झेंड्यावर जिंकले तर 'डब्ल्यू', हरले तर 'एल', का, तर जवळून जाणाऱ्या गाडीतल्या लोकांना निकाल कळावा! गाडीनं घरी जाणाऱ्यांची एवढी कदर करणारं दुसरं मैदान मी पाहिलेलं नाही. मी तिथेच या संघाचा झालो.

पण माझे डोळे उघडले ते बाहेरच्या भिंतीपाशी. या मैदानाची सीमेवरची भिंत विटांची आहे आणि तिच्यावर वेली सोडलेल्या आहेत, 1937 पासून. चेंडू त्या वेलींत अडकला तर काय? तर क्षेत्ररक्षकानं दोन्ही हात वर करायचे. बॅट्समनला दोन बेस. पण त्यानं वेलीत हात घालून शोधाशोध केली, तर मात्र चेंडू जिवंत, पळा हवं तेवढं. मी पंतकडे बघितलं. पंत हसत होता. हे सगळं आम्हाला पाठ होतं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक मधुमालतीचा वेल होता आणि त्यात गेला तर दोन रन, शोधत बसलात तर चालू, हा नियम पंतनंच वर्गणीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता. गच्चीत गेला तर आऊट. पाण्याच्या टाकीला डायरेक्ट लागला तर चार. एक टप्पा एक हात. बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडे 37 फूट उंच हिरवी भिंत आहे, का, तर पलीकडे रस्ता आणि जागा कमी. एकेका मैदानाचा आकार वेगळा, नियम वेगळे. क्रिकेटनं इंग्रजी शाळेत जाऊन शिस्त लावून घेतली. हा खेळ शंभर वर्षं कोट्यवधी डॉलर खाऊन गल्लीतलाच राहिला. त्यांचे चेंडूसुद्धा नवे कोरे वापरत नाहीत, न्यूजर्सीकडच्या एका गुप्त जागेवरची नदीची माती आणून प्रत्येक चेंडूला चोळतात, पकड यावी म्हणून. आमचा चेंडू गटारात पडून हे काम फुकट व्हायचं.

एकाच गोष्टीला माझं मन तयार होईना. विरुद्ध संघानं मारलेला होमरन आमच्या पुढच्या दोन रांगांत येऊन पडला. एका बापानं तो झेलला, पोराच्या हातात दिला, आणि पोरानं उभं राहून परत मैदानात फेकून दिला! लोकांनी टाळ्या वाजवल्या. शत्रूचा होमरन आम्हाला नको, अशी तिथली रीत आहे. फुकट हाती आलेला कातडी चेंडू! आम्ही रबरी बॉलसाठी शेजारच्या इमारतीच्या काकांचे पाय धरले आहेत. त्या पोराला जवळ बोलावून चार गोष्टी सांगाव्यात असं फार वाटलं. पंतनं मला खाली बसवलं.

हॉट डॉग मी व्हेज मागितला, त्यांनी दिला. त्यावर केचप मागितला, तेव्हा काउंटरवरची बाई अशी बघायला लागली की मी वडापावात जॅम मागितला असावा. शिकागोत हॉट डॉगवर मोहरी, कांदा, टोमॅटो, लोणच्याची फोड, मिरच्या, सगळं चालतं, केचप चालत नाही. पंत तिच्याकडे बघून 'इंडियातून आलाय' असं काहीतरी पुटपुटला.

सामनाभर त्याच्या मांडीवर एक पुठ्ठा आणि पेन्सिल होती. स्कोअरकार्ड. आता सगळं फोनवर दिसतं, तरी पंत हातानं भरतो. वर्गणीची वही सुटली, सवय सुटली नाही. परत येताना त्यानं ते माझ्या बॅगेत टाकलं. ते माझ्या कपाटात आहे. प्रत्येक बॅट्समनपुढे छोट्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीत चौफुल्यासारखा तिरपा चौकोन. धाव पूर्ण झाली की चौकोन पेन्सिलीनं भरायचा. तीन स्ट्राइकवर बाद झाला तर इंग्रजी के, आणि बॅट न फिरवता नुसता बघत राहून बाद झाला तर तोच के उलटा, आरशात बघितल्यासारखा. पाचव्या इनिंगच्या रकान्यावर मोहरीचा पिवळा अंगठा. खाली समासात, आडव्या बारीक मराठी अक्षरांत: 'आई – चष्मा नंबर? गॅसचं बुकिंग. ह्याला सांगणे – बाथरूमला हँडल लावून घे.' सहाव्या इनिंगमध्ये मी त्याच्या शेजारी बसून शेंगा खात होतो. तोंडानं सांगायला काय झालं होतं? पण नाही. डोंबिवलीत उतरल्यावर बॅग उघडली तेव्हा मला निरोप मिळाला. हँडल लावून घेतलं. काकू त्याला टॉवेल अडकवतात.

2016 चं सांगायलाच हवं. वर्ल्ड सिरीज, सातवा सामना, क्लीव्हलंडमध्ये. आमच्याकडे 3 नोव्हेंबरची गुरुवार सकाळ, भाऊबीज होऊन दोन दिवस झालेले. कब्ज 6–3 असे पुढे होते. आठव्या इनिंगमध्ये क्लीव्हलंडनं बरोबरी साधली, राजय डेव्हिस नावाच्या गड्यानं होमरन मारून. (राजय ऐकून काकूंना तो आपल्यातलाच वाटला. 'राजाराम असेल.') नवव्याअखेर 6–6. मी ऑफिसात पोचलो होतो, मस्टरवर सही करत होतो, आणि क्लीव्हलंडमध्ये पाऊस आला. पिचवर ताडपत्री टाकली. फोन वाजला. पंत.

मला वाटलं रडेल. तो म्हणाला, 'पाऊस थांबेपर्यंत बोलतो. पंधरा दिवसांपूर्वी कंपनीनं नारळ दिला.' मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. घराचे हप्ते, मुलीचं कॉलेज, व्हिसाचा प्रश्न सुटलेला म्हणून निदान तेवढं बरं, बायकोला परवा सांगितलं, आईला सांगायचं नाही. सगळं सलग, न थांबता. एवढं सलग तो कब्जबद्दलही कधी बोलला नव्हता. मी काय म्हणालो मला आठवत नाही, बहुतेक 'हं' म्हणालो असेन. ती पावसाची सुट्टी सतरा मिनिटांची होती, हे बेसबॉलच्या इतिहासात नोंदलेलं आहे. त्या सतरा मिनिटांत कब्जच्या जेसन हेवर्डनं सगळ्या खेळाडूंना व्यायामाच्या खोलीत गोळा करून धीर दिला, असंही नोंदलेलं आहे. जिन्यातलं कुणी नोंदलं नाही. 'ताडपत्री काढतायत,' असं म्हणून पंतनं फोन ठेवला. दहाव्या इनिंगमध्ये कब्जनं दोन धावा केल्या, क्लीव्हलंडनं एक. 8–7.

संध्याकाळी मी काकूंना सांगायला गेलो. कब्ज जिंकले, 1908 नंतर पहिल्यांदा, 108 वर्षांनी. आणि बेसबॉलच्या चेंडूवर दुहेरी टाकेही 108 असतात, हे पंतनं मुद्दाम कळवलं होतं. काकू जपच करत बसल्या होत्या. 'मग त्यात काय,' त्या म्हणाल्या, 'एक माळ पुरी झाली.' आणि मेरुमणी न ओलांडता माळ उलटी फिरवून पुढचा जप सुरू केला.

त्या आठवड्यात रिग्ली फील्डच्या विटांच्या भिंतींवर लोकांनी खडूनं नावं लिहिली. वाट बघत गेलेल्या बापांची, आजोबांची, आत्यांची. पंत नोकरी नसल्यामुळे मोकळाच होता. त्यानं फोटो पाठवला. हजारो इंग्रजी नावांत, गुडघ्याच्या उंचीवर, मराठीत 'अण्णा'. ज्यांनी या हरणाऱ्या लोकांत मिसळू नकोस म्हणून सांगितलं होतं, तेच. मामानं लिहिलं, 'एवढ्या खाली? अण्णांना वाकून वाचायला लागेल.' पंतचं उत्तर, 'वर जागा नव्हती. शिडी मिळाली की वर घेतो.' चार-पाच दिवसांत नोटबंदी झाली. मामा रात्री-रात्री बँकेत नोटा मोजत बसला, मी रांगेत, आणि तिकडून पंत दोघांना धीर द्यायला लागला. रोजगार नसलेला माणूस किती चांगला धीर देतो! मार्चात त्याला दुसरी नोकरी लागली. मोसम सुरू व्हायच्या आधी लागली, हे महत्त्वाचं.

पंतचं क्रिकेट मात्र 1998 लाच थांबलं आहे. एप्रिल 2023 मध्ये रिंकू सिंगनं शेवटच्या ओव्हरमध्ये लागोपाठ पाच सिक्स मारून कोलकात्याला जिंकून दिलं. मी आणि मामानं ग्रुपवर नुसता दंगा केला. पंतचा मेसेज आला, 'पिट्सबर्गवाला?' त्याचा रिंकू सिंग वेगळा. उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी दोन पोरं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, टीव्हीवरच्या स्पर्धेत वेगानं चेंडू टाकून निवडली गेली आणि 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं त्यांच्याशी करार केला. त्या स्पर्धेआधी त्यांनी बेसबॉल हातातही धरला नव्हता. त्यांच्यावर सिनेमा निघाला. तो रिंकू पुढं कुस्तीच्या त्या टीव्हीवरल्या आखाड्यात गेला. पंतला वाटलं, आता क्रिकेटमध्ये आला. आम्ही दोन दिवस त्याचा गैरसमज दूर केला नाही. त्यानं तिकडे ऑफिसात चार लोकांना सांगितलं होतं.

2025 च्या ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना अठरा इनिंग्ज चालला. नऊच असतात. वर्ल्ड सिरीजमध्ये अनिर्णित म्हणून सोडायची सोयच नाही, कुणीतरी हरेपर्यंत उभं राहायचं. लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला तेव्हा माझं दूध तापत होतं. फ्रेडी फ्रीमननं होमरन मारून संपवला तेव्हा मी डबा खात होतो. साडेसहा तासांच्या वर. शिकागोत रात्रीचे दोन वाजत आले होते. कब्जचा या सामन्याशी काडीचा संबंध नव्हता, तरी पंत जागा. चौदाव्या इनिंगला त्यानं विचारलं, 'आईचा आवाज काल बारीक का वाटला?' मी म्हटलं, 'कवळी काढली होती.' सोळाव्याला त्यानं लिहिलं, 'नक्की ना?' मी जेवणाच्या सुट्टीत काकूंना फोन लावून त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्यात त्या मला झापत होत्या. पंतनं लिहिलं, 'ठणठणीत आहे,' आणि झोपायला गेला.

आता बर्फाचे फोटो सुरू झाले आहेत, पण यंदा पंत गप्प नाही. त्याचं कारण मामा. मामानं अमेरिकेची सहल ठरवली आहे, मी रजा टाकली आहे, आणि पंतनं एप्रिलमधल्या एका मॅचची तीन तिकिटं काढून ठेवली आहेत. मामाची चौकशी रोज चालू असते. एप्रिलमध्ये मैदानात कुडकुडायला होतं म्हणे, तर ब्लँकेट आत नेऊ देतात का? बिनकांद्याचं काय मिळतं? संघ हरतोय असं दिसलं तर लवकर निघता येतं का? परवा त्यानं विचारलं, पाऊस आला तर पैसे परत का. पंतनं सांगितलं, पैसे नाही मिळत, पण पुरेसा खेळ व्हायच्या आत पावसानं मॅच धुतली तर त्याच तिकिटावर पुन्हा बघता येते.

मामा निवृत्त झाला तरी बँकेतलाच. तासाभरानं त्याचा मेसेज आला: पुरेसा म्हणजे किती इनिंग्ज, हे नक्की कळव. पाऊस त्याच्या जरा अलीकडे पडायला हवा. काकूंना सांगून ठेवलं आहे, त्या बघते म्हणाल्या.